संघ हरतो, तेव्हा राग कुणावर काढायचा?

पत्र

सप्रेम नमस्कार,

माझं वय बेचाळीस. फुटबॉलचं वेड वडिलांकडून आलं. ते आता पंचाहत्तरीला टेकलेत आणि अजूनही १९६२ चं जकार्ताचं आशियाई सुवर्ण सांगायला लागले की थांबत नाहीत. मी गेली वीसेक वर्षं भारताचा एकही सामना सोडलेला नाही. मित्र हसतात. क्रिकेट हरलं तर सगळा देश हळहळतो, आमचा फुटबॉल हरला तर कुणाला पत्ताही नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावला सिंगापूरकडून आपण १-२ हरलो. आधी गोल आपण केला होता. आशियाई कपची दारं बंद झाली. त्या रात्री मी एका बचावपटूला मोबाइलवरून मेसेज पाठवला. त्यात काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. त्याच महिन्यात क्रिकेटकडे वळलो, तर कोलकात्यात १२४ धावा होईनात आणि गुवाहाटीत ४०८ धावांनी हार. त्या दिवशी रिमोट भिंतीवर फेकला. बायको दोन दिवस बोलली नाही. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझी अकरा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते. ती परवा म्हणाली, "बाबा, आपण तर नेहमीच हरतो. मला अर्जेंटिनाची जर्सी घ्या."

एकशे चाळीस कोटींच्या देशात अकरा जण मिळत नाहीत का? मी वीस वर्षं वाया घालवली का? बघणं सोडून दिलं तर ती गद्दारी होईल का? मनापासून उत्तर द्या.

– एक थकलेला चाहता

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांआधी तो मेसेज. तो अजून तिथे असेल तर हे वाचता वाचता थांबा, तो काढून टाका आणि मग पुढे वाचा. त्या खेळाडूने तो वाचला असेल किंवा नसेल. वाचला असण्याची शक्यता धरून दोन ओळींची माफी पाठवा. स्पष्टीकरण नको, "पण तुम्हीही जरा" असं काही नको. चूक झाली, माफ करा, एवढंच.

मी यावर एवढी अडून बसते आहे, कारण असे मेसेज एकेकटे येत नाहीत. त्या रात्री तुमच्यासारख्या शेकडो लोकांना तेच सुचलेलं असतं, आणि पलीकडे फोन हातात धरून बसलेला माणूस एकटा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला. वंदना कटारियाने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली होती. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तरी हरल्या दिवशी हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर लोकांनी फटाके उडवले आणि जातीवरून शिवीगाळ केली. पुढच्या वर्षी क्रिकेटच्या आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला, तर काही तासांत त्याला देशद्रोही ठरवून टाकलं. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये त्याच अर्शदीपने १७ बळी घेतले, आणि तो कप आपण जिंकलो. त्याने पुढे चांगली कामगिरी केली म्हणून आधीच्या शिव्या चुकीच्या ठरतात, असं मला म्हणायचं नाही. कामगिरी केली नसती तरी त्या तितक्याच चुकीच्या होत्या.

तुम्ही त्या घरासमोर फटाके उडवणाऱ्यांतले नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. त्या मेसेजची लाज वाटली म्हणूनच तुम्ही तो मला सांगितलात. पण मेसेज मिळालेल्या माणसाला तुमची लाज दिसत नाही. त्याला फक्त शब्द दिसतात.

आता रागाकडे येते. राग येऊच नये, खेळ हा खेळच असतो, असं सांगणारे तुम्हाला खूप भेटतील. मी त्यांच्यातली नाही. वीस वर्षं ज्याने एखाद्या संघात जीव गुंतवला, त्याला हरल्यावर काहीच वाटलं नाही तर मला त्याची काळजी वाटेल. माझी अडचण वेगळी आहे. तुम्ही मडगाव, ढाका, कोलकाता आणि गुवाहाटी यांची एकच मोट बांधलीत. हे सगळे पराभव एका जातीचे नाहीत. तुमचा निम्मा त्रास या सरमिसळीतून आलेला आहे.

कोलकाता घ्या. नोव्हेंबर २०२५, ईडन गार्डन्स, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकायला १२४ हव्यात आणि डाव ९३ वर आटोपतो. सायमन हार्मर नावाचा ऑफस्पिनर सामन्यात आठ बळी घेऊन जातो. त्याआधी वर्षभरापूर्वी न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच मैदानांवर ३-० असं धुतलं होतं, बेंगळुरूत तर ४६ मध्ये गुंडाळलं होतं. आता या संघाकडे काय कमी आहे? पैसा आहे, मैदानं आहेत, गावोगावी अकादम्या आहेत, देशभरातून निवडून आलेले फलंदाज आहेत. कोलकात्याची खेळपट्टी संघाला हवी होती तशीच मिळाली, असं प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर स्वतः सांगितलं. म्हणजे आखाडा आपण निवडला आणि त्यात आपणच चीत झालो. इथे तुम्ही रागावलात तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आपले फलंदाज फिरकीपुढे असे का गडबडतात, ते देशांतर्गत चार दिवसांचं क्रिकेट किती खेळतात, घरच्या मैदानावर इतक्या वळणाऱ्या खेळपट्ट्या मागून आपण समोरच्या साध्या फिरकीपटूलाही धोकादायक का करून ठेवतो, हे प्रश्न विचारायलाच हवेत. २०२५ च्या जानेवारीत मोठ्या खेळाडूंनाही रणजी खेळायला लावलं गेलं, ते अशाच प्रश्नांच्या रेट्याने. कुवत असूनही ती न दिसणं ही खरी निराशा. हा संघ त्याच्या पातळीच्या खाली खेळला.

मडगावचा संघ मात्र त्याच्या पातळीच्या खाली खेळलाच नाही. ऐकायला कडू आहे, पण माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. फिफाच्या क्रमवारीत सिंगापूर त्या वेळी आपल्या खाली होतं, हे मान्य. पण जरा मागे जा. जानेवारी २०२४ च्या आशियाई कपमध्ये आपण तिन्ही सामने हरलो, आणि तीन सामन्यांत आपला एकही गोल नव्हता. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून, तेही शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर. हे सामने एकापाठोपाठ ठेवून पाहिले तर मडगाव हा अपघात वाटत नाही, तो त्याच रांगेतला पुढचा सामना वाटतो. आपण गोल करू शकत नाही, कारण गोल करणारे तयार होत नाहीत. भारतासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या आपल्या मुख्य क्लब स्पर्धेत, भारतीय खेळाडूंत सर्वाधिक गोल कुणाचे होते? चाळिशी गाठलेल्या त्याच छेत्रीचे. याला त्याची थोरवी म्हणा, मीही म्हणते. पण विशीतल्या एकाही भारतीय स्ट्रायकरला त्याच्यापुढे जाता आलं नाही, ही बातमी मला सिंगापूरच्या दोन गोलांपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. बहुतेक क्लबांत स्ट्रायकरची जागा परदेशी खेळाडूकडे असते. आपल्या पोराला पंखावर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळवतात किंवा बाकावर बसवतात. मग राष्ट्रीय संघात त्याने अचानक पेनल्टी बॉक्समधला राजा व्हावं, ही अपेक्षा कुठून आणायची?

आणि मडगावचा सामना कोणत्या परिस्थितीत झाला तेही आठवा. आयएसएल चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा करार होईना, म्हणून जुलैमध्ये नवा हंगाम लांबणीवर टाकला गेला. एरवी सप्टेंबरच्या आसपास लीग सुरू होते. या वेळी ऑक्टोबर उजाडला तरी लीगचा एकही सामना झाला नव्हता, काही क्लबांनी पगार थांबवले होते. आपली नोकरी पुढच्या महिन्यात असेल की नाही हे ठाऊक नसलेली मुलं त्या रात्री निळी जर्सी घालून उतरली. तुम्ही त्यातल्या एकाला शिव्या लिहिल्यात.

तुमच्या वडिलांचं १९६२ इथे आड येतं. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, आणि त्यांनी त्या गोष्टी सांगत राहाव्यात असंही वाटतं, कारण त्या खऱ्या आहेत. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाकडून आधी ०-२ हरलो आणि अंतिम सामन्यात त्यांनाच २-१ हरवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे गोल, बाजूला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि आपण चौथे आलो. हे सगळं झालेलं आहे. पण त्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात एक हिशेब पक्का बसतो. आपण मुळात आशियात पहिले आहोत, आणि आत्ता काहीतरी बिघडलंय. खरं तर बिघडलेलं काही नाही, बाकीचे पुढे निघून गेले. १९६२ ला जपानकडे राष्ट्रीय लीगसुद्धा नव्हती. ती १९६५ ला सुरू झाली, व्यावसायिक जे-लीग १९९३ ला. १९९८ ला ते पहिल्यांदा वर्ल्डकपला गेले आणि तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत. २०२२ ला त्यांनी जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. मधल्या काळात तिथे शाळांच्या स्पर्धा भरत होत्या, परवानाधारक प्रशिक्षक तयार होत होते, शहराशहरांत क्लब रुजत होते. आपल्याकडे रहीमसाहेब १९६३ मध्ये कर्करोगाने गेले आणि त्यांच्या जागी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. आपलं यश एका माणसाच्या डोक्यात होतं. ते त्याच्याबरोबर गेलं.

एकशे चाळीस कोटींचा हिशेब तुम्ही मांडलाय, आणि तो मला इतक्या लोकांनी ऐकवलाय की आता त्यावर जरा चिडूनच लिहिते. लोकसंख्या फुटबॉल खेळत नाही. आठव्या-नवव्या वर्षी नियमित सामने मिळालेली, बाराव्या वर्षी चांगला प्रशिक्षक भेटलेली आणि सतराव्या वर्षी क्लबने उचललेली मुलं फुटबॉल खेळतात. आपल्याकडे अशी मुलं किती, तेवढीच आपली खरी लोकसंख्या. २०२६ च्या वर्ल्डकपला केप व्हर्दे पात्र ठरलं, ते पाच लाखांच्या आसपासचं बेट-राष्ट्र. कुरासाओ हे कॅरिबियन बेट पात्र ठरलं, तिथे दीड लाख माणसं राहतात. त्यांचे बरेच खेळाडू नेदरलँड्सच्या अकादम्यांत घडलेले आहेत, म्हणजे पुन्हा मुद्दा माणसं किती याचा नसून ती कुठे आणि कशी घडली याचाच. आणि आपल्याएवढीच लोकसंख्या असलेला चीन २००२ चा वर्ल्डकप सोडला तर कधीच तिथे पोचला नाही.

मग हा राग कुणाकडे न्यायचा? फुटबॉलच्या बाबतीत तो मैदानावरच्या अकरांकडे नेऊ नका. महासंघाकडे न्या. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्यावर थेट बंदी घातली, ती दहा-अकरा दिवसांनी उठली. नव्या घटनेला न्यायालयाची मंजुरी मिळायला सप्टेंबर २०२५ उजाडला. या काळात किती वर्षांची किती मुलं मोठी झाली, याचा विचार करा. २०२५ मध्ये संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या महासंघाकडे माहिती अधिकारात माहिती मागता येते. तुमच्या राज्याच्या संघटनेने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी गेल्या हंगामात किती सामने घेतले, किती प्रशिक्षकांना परवाने दिले, निवड चाचण्या कधी आणि कुठे जाहीर केल्या, हे विचारणारा एक अर्ज करा. त्या बचावपटूला लिहिताना जेवढा वेळ गेला असेल तेवढाच यालाही लागेल. उत्तर येईल न येईल. पण निदान तुमचा राग ज्याच्या हातात काही आहे अशा माणसाच्या टेबलावर पडेल.

वीस वर्षं वाया गेली का, या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. त्याचं उत्तर देताना मला हॉकीपटू धनराज पिल्लेच आठवतो. खडकीच्या वस्तीत मोडक्या काठ्यांनी खेळून वर आलेला हा माणूस चार ऑलिंपिक खेळला, १९९२ पासून २००४ पर्यंत. एकही पदक नाही. सिडनीला २००० मध्ये पोलंडविरुद्ध शेवटच्या क्षणांपर्यंत आपण पुढे होतो. तो सामना जिंकलो असतो तर उपांत्य फेरीत गेलो असतो. पोलंडने बरोबरी साधली आणि सगळं गेलं. त्या काळात हॉकी बघणाऱ्यांनी काय मिळवलं? पदकांच्या भाषेत, १९९८ ची बँकॉकची आशियाई स्पर्धा सोडली तर फारसं नाही. पण धनराजला चेंडू घेऊन उजवीकडून सुसाट निघालेला ज्याने पाहिलाय, त्याला कुणी सांगून बघा की तुझा वेळ वाया गेला. त्याच हॉकीची पुढे आणखी वाट लागली. २००८ ला तर आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही, सँतियागोत ब्रिटनकडून हरून घरी आलो. २०१२ ला लंडनमध्ये बारावे, म्हणजे शेवटचे. आणि मग टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ ने कांस्य, पॅरिसला पुन्हा कांस्य. मधल्या काळात परदेशी प्रशिक्षक आले, व्यायामाची पद्धत बदलली, ओडिशा सरकारने २०१८ पासून दोन्ही संघांचा खर्च उचलला, दरवर्षीच्या सामन्यांची संख्या वाढली. फुटबॉलचंही असंच होईल, अशी आशा मी तुम्हाला लावत नाही. तसं होईल की नाही ते महासंघ काय करतो यावर आहे, तुमच्या निष्ठेवर नाही. तुमच्या बघण्याने गोल होत नाहीत आणि तुमच्या न बघण्याने गोल खात नाहीत. एवढं कळलं की खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं.

म्हणून गद्दारीचा प्रश्न मी मोडीतच काढते. संघाने तुमच्याकडून कसली शपथ घेतलेली नाही. पुढचे चार सामने बघितले नाहीत तर बघितले नाहीत. सहा महिने दुसरं काही करा. परत यावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर तेही तुमचं तुम्ही ठरवा. मात्र थांबायचं तर रागाच्या भरात, हरलेल्या रात्री ठरवू नका. एखाद्या साध्या दिवशी, शांतपणे ठरवा.

एक गोष्ट मात्र बघण्याच्या बाजूने सांगते. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० असं हरवलं आणि छेत्रीने हॅटट्रिक केली. स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास लोक होते. त्यानंतर छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. त्याचा आशय असा होता की आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध तेच मैदान खचाखच भरलं. तुम्ही पत्रात कुठेही मैदानावर जाऊन सामना पाहिल्याचं लिहिलेलं नाही. टीव्हीवर चेंडू दिसतो, चेंडूपासून दूर धावणारा माणूस दिसत नाही. ज्या बचावपटूने गोल खाल्ला असं वाटतं, त्याच्या पुढचा मधल्या फळीतला खेळाडू परतलाच नव्हता, हे मैदानावर बसल्यावर कळतं. एकदा जाऊन बघा. सामना राष्ट्रीय संघाचाच हवा असं नाही.

आता तुमची मुलगी. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तिचीच आहे, हे तुम्हालाही कळलेलं आहे. पण त्या पत्रातलं आणखी एक तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. अकरा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते, वडील भारताचा एकही सामना सोडत नाहीत, आणि सबंध पत्रात महिला संघाचा शब्द नाही. तुम्ही ज्याला "भारताचा एकही सामना" म्हणता, त्यात तिचा संघ धरलेलाच नाही.

५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयाने आपण २०२६ च्या महिला आशियाई कपला पात्र ठरलो, आणि पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. जो कप मडगावला तुमच्या हातून निसटला असं तुम्हाला वाटलं, त्याच खंडाचा महिलांचा कप आपण तीन महिने आधी मैदानावर झुंजून मिळवला होता. तुमच्या मुलीला हे कुणी सांगितलं का? तिने "आपण नेहमीच हरतो" म्हटलं, कारण घरात तिला फक्त हरणारा संघ दाखवला गेला.

आणि तुमचं क्रिकेट. कोलकात्याच्या आधी दोन आठवडेही झाले नव्हते, २ नोव्हेंबरला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने महिला क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला होता. साखळीत सलग तीन सामने हरलेला संघ. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. अंतिम सामन्यात दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि पाच बळी. २००५ ला आणि २०१७ ला अंतिम फेरीत हरलेल्या खेळाडूंच्या खांद्यांवर उभा राहिलेला हा विजय होता, आणि तोही आकाशातून पडला नाही. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं, २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, २०२३ मध्ये महिलांची लीग सुरू झाली. आधी व्यवस्था आली, मग कप आला. तुमच्या पत्रातला नोव्हेंबर गुवाहाटीच्या हारीने भरलाय. त्या महिन्याची सुरुवात अशी झाली होती.

मुलीला अर्जेंटिनाची जर्सी घेऊन द्या. अगदी हसत घ्या. मेस्सी आवडणं हा देशाचा अपमान नाही, आणि त्यावरून घरात वाद घातलात तर ती फुटबॉलपासूनच दूर जाईल. पण महिला संघाचा पुढचा सामना कधी आहे ते शोधा आणि तिच्या शेजारी बसून बघा. तिला विचारा, ही मुलगी डावीकडे का वळली, तिने पास का दिला नाही. खेळणाऱ्या मुलांना सामना दिसतो तो निकालाच्या आधी, आणि तुम्ही तिच्याकडून शिकाल. आजोबांनाही बसवा. जर्नेल सिंग बचावपटू होता, पण जकार्ताला त्याला पुढे खेळवलं आणि अंतिम सामन्यात त्याने डोक्यात टाके असताना गोल केला, हे तिने त्यांच्या तोंडून ऐकलं पाहिजे. पण त्यांना एक विनंती करा. गोष्ट सांगून झाल्यावर "आणि आता बघा काय झालंय" हे वाक्य नको.

बायकोशी बोलण्याचं मी सांगायला नको. भिंतीवर फेकलेला रिमोट त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या दिशेने फेकलेला असतो. तुमची मुलगी त्या वेळी कुठे होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिच्याशीही बोला.

शेवटचं, तुमच्या रक्तदाबाचं. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. २००६ च्या वर्ल्डकपच्या वेळी म्युनिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी नोंदी तपासल्या होत्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराने तातडीने उपचार घ्यावे लागलेल्यांचं प्रमाण अडीच पटींहून अधिक वाढलेलं दिसलं. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता त्यांच्यात ते आणखी जास्त होतं. तुम्ही गोळी घेणारे आहात, कदाचित रात्री उशिरा एकटे बसून बघत असाल, आणि हरल्यावर तासभर फोनवर तेच तेच वाचत असाल. सामना असेल त्या दिवशी गोळी चुकवू नका, शेवटची शिट्टी वाजली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातल्या कुणाशी तरी सामन्याव्यतिरिक्त काहीही बोला. सामन्याच्या वेळी छातीत जड वाटतं का, घाम फुटतो का, डोकं भणभणतं का, हे तुमच्या डॉक्टरांना नीट सांगा. ते हसणार नाहीत. हे पुढच्या सामन्यापर्यंत लांबवू नका, याच आठवड्यात जाऊन या.